सगळी साधने एकाच कंपनीची घ्यावीत, की वेगवेगळ्या कंपन्यांची जुळवून घ्यावीत? (घर, सेवा केंद्र आणि गेमिंग)

अडाणकाठ (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात मी लहानसे ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा आणि आठ-अ काढून देणे, शिष्यवृत्तीचे व पीकविम्याचे अर्ज भरणे, झेरॉक्स, छपाई अशी कामे तेथे होतात. यंदा कापसाचे पैसे हाती आल्यावर केंद्रातील आणि घरातील जुनी साधने एकदमच बदलायची असे आम्ही ठरवले आहे; परंतु ती कोणत्या तत्त्वावर निवडावीत याबद्दल घरात एकमत होत नाही, म्हणून येथे सविस्तर विचारत आहे.

पुण्यात नोकरी करणारे माझे दीर सांगतात की फोन, लॅपटॉप, टॅबलेट, घड्याळ आणि इअरबड हे सर्व एकाच कंपनीचे घ्यावे, म्हणजे ते आपसांत आपोआप जुळते, फोनवर काढलेला फोटो लॅपटॉपवर लगेच दिसतो आणि नंतर कोणाला काही विचारत बसावे लागत नाही. त्यांची सगळी साधने अ‍ॅपलची आहेत आणि ती उत्तम चालतात, हे मी स्वतः पाहिले आहे. माझ्या यजमानांचे मत याच्या उलट आहे. आमचा ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा आणि पेरणीयंत्र तिसऱ्याच कारखान्याचे आहे. तरीही मागची थ्री-पॉइंट जोडणी आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ (अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) ठरलेल्या मापाचा असल्यामुळे वावरात आजवर कधी काम अडले नाही. फोन आणि संगणकांच्या बाबतीत असे का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न आहे आणि मला तो रास्त वाटतो.

तिसरे मत अकरावीत शिकणाऱ्या मुलाचे आहे. त्याला गेम खेळण्यासाठी प्लेस्टेशन ५ हवे आहे. ते नाही तर स्टीम डेकसारखे हातात धरायचे यंत्र तरी हवे, असे तो म्हणतो. तो प्रोग्रामिंगही मनापासून शिकतो आहे, त्यामुळे अभ्यास आणि खेळ एकाच यंत्रावर भागले तर पैसे वाचतील असे मला वाटते.

सध्या आमच्याकडे सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा विंडोज १० असलेला डेस्कटॉप, एक लेझर प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यूएसबी यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, दोन जुने अँड्रॉइड फोन, सासूबाईंचा बटणांचा फोन आणि एचडीएमआय असलेला टीव्ही आहे. कंपनी कोणतीही असो, अधिकृत दुरुस्तीसाठी आम्हाला यवतमाळ किंवा अमरावती गाठावी लागते.

आता सर्वच साधनांना टाइप-सी आले आहे, तेव्हा कोणाचेही कोणालाही जोडता येईल, असे दुकानदार सांगतात. हे कितपत खरे आहे? आणि आमच्यासारख्या घराने एकाच कंपनीच्या जाळ्यात जाणे शहाणपणाचे आहे का?

---

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

ताई, माझे मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे टाइप-सीचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. आपल्या यजमानांचे ट्रॅक्टरचे उदाहरण अगदी योग्य आहे. फरक इतकाच की तेथे माप जुळले की काम होते, आणि टाइप-सीमध्ये मात्र तोंड जुळल्यावरही आत काय जोडलेले आहे ते वेगळे तपासावे लागते.

टाइप-सी हे केवळ तोंडाच्या आकाराचे नाव आहे. हे २४ पिनांचे तोंड २०१४ मध्ये ठरले. त्यातून माहिती किती वेगाने जाईल, वीज किती मिळेल आणि चित्र टीव्हीवर जाईल की नाही, या तीन गोष्टी यंत्र बनवणारी कंपनी आपापल्या परीने ठरवते. एकाच आकाराच्या तोंडातून कुठे सेकंदाला ४८० मेगाबिट जातात, तर कुठे ४० गिगाबिट. आयफोन १५ आणि आयफोन १५ प्रो एकाच दिवशी बाजारात आले, दोघांनाही टाइप-सी आहे. पण साध्या आयफोन १५ चा वेग ४८० मेगाबिटच आहे आणि प्रोचा १० गिगाबिट. एका कंपनीच्या एकाच मालिकेत एवढा फरक असेल, तर वेगवेगळ्या कंपन्यांत तो असणारच. टीव्हीवर चित्र दाखवण्याचेही तसेच आहे. त्यासाठी फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो आणि स्वस्त व मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो, त्यामुळे टाइप-सी ते एचडीएमआय अशी केबल घेऊन लोक दुकानात येतात आणि केबलच खराब आहे असे समजतात.

विजेच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, या पद्धतीत चार्जर आणि यंत्र आधी आपसांत ठरवतात की किती व्होल्टेज घ्यायचे. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंत चालते; त्यापुढे केबलमध्येच ओळख सांगणारी चिप असावी लागते आणि तशा केबलवर आता २४० वॅटपर्यंत वीज नेता येते. परंतु अनेक फोन कंपन्यांनी स्वतःची वेगळी वेगवान चार्जिंग पद्धत ठेवली आहे. अशा कंपनीचा ८० वॅटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला, तर फोन चार्ज होईल, पण बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या पूर्ण वेगाने होणार नाही. आपण बाजारातून दोन तोंडांचा ६५ वॅटचा चांगला पीडी चार्जर घ्यावा आणि त्यावर पीपीएस (व्होल्टेज बारीक टप्प्यांनी बदलण्याची सोय) असे लिहिलेले आहे का ते पाहावे. तेवढ्यात घरातले फोन, टॅबलेट आणि साधा लॅपटॉप यांचे भागते.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण गावात तीच जास्त त्रास देते. स्वस्त टॉर्च, ट्रिमर, छोटे स्पीकर यांना टाइप-सीचे तोंड असते, पण चार्जरला ओळख देणारे दोन छोटे रेझिस्टर त्यांत बसवलेलेच नसतात. अशी वस्तू दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होतच नाही. जुन्या चपट्या यूएसबीच्या चार्जरवर मात्र होते. म्हणून घरातला एक जुना चार्जर टाकून देऊ नये.

कायद्याने या दिशेने ढकलले आहे हेही खरे आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नवे फोन, टॅबलेट, इअरबड यांना टाइप-सी सक्तीचे केले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठेवली. अ‍ॅपलने २०१२ पासून चालवलेले लाइटनिंग २०२३ च्या आयफोन १५ पासून सोडले, त्यामागे या नियमाचा मोठा वाटा होता. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचे मानक काढले आहे. कंपन्यांवर सोडले असते तर हे इतक्या लवकर झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

आता आपल्या केंद्राबद्दल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी व त्यापुढचे प्रोसेसर आहेत. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. आपला सातव्या पिढीचा डेस्कटॉप त्यात बसत नाही. लोकांची आधार व बँकेची माहिती ज्या यंत्रावर हाताळली जाते ते यंत्र सुरक्षा अद्यतनांशिवाय चालवू नये, म्हणून केंद्रासाठी विंडोज ११ चे नवे यंत्र घ्यावेच लागेल. जुना डेस्कटॉप मात्र भंगारात देऊ नका. त्यात एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवून लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली तर मुलाला प्रोग्रामिंगसाठी तो अजून कैक वर्षे पुरेल.

ठसे घेणारे यंत्र, स्वाक्षरीचे टोकन आणि प्रिंटर या तिघांचे ड्रायव्हर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) नव्या यंत्रावर चालतात का, हे खरेदीपूर्वी त्या त्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. आपल्या कामात हीच तीन साधने पोट भरतात आणि ती बहुतांशी विंडोज गृहीत धरूनच बनवलेली असतात. केंद्राच्या टेबलावर मॅक, म्हणजे अ‍ॅपलचा संगणक, ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही.

---

संत्राबाग (वरुड, जि. अमरावती)

ताई, वैनगंगाकाठ यांनी सांगितलेले सर्व तांत्रिक मुद्दे मला मान्य आहेत, तरीही मी आपल्या दिरांची बाजू मांडते, कारण ती या चर्चेत मागे पडेल असे दिसते. मी शिक्षिका आहे, आणि आमच्या विस्तारित कुटुंबात फोन, टॅबलेट, वायफाय यांतले काहीही बिघडले की फोन मलाच येतो.

वेगवेगळ्या कंपन्यांची साधने जुळवून घेतली की पैसे वाचतात, हे खरे. पण ती जुळवण्याचे आणि जुळलेली ठेवण्याचे काम कोणीतरी करावे लागते, आणि घरात हे काम सहसा एकाच व्यक्तीवर पडते. एका फोनमध्ये सेटिंग एका जागी, दुसऱ्यात दुसऱ्या जागी. एकाचा बॅकअप एका खात्यावर, दुसऱ्याचा भलतीकडेच. सासूबाईंना स्मार्टफोन द्यायचा असेल, तर त्यांचा आणि आपला फोन एकाच कंपनीचा व शक्यतो एकाच मालिकेचा असावा. आपण केंद्रात बसून फोनवरून सांगाल की खालून वर बोट सरकवा, उजवीकडचे दुसरे बटण दाबा, तेव्हा दोघींच्या डोळ्यांपुढे एकच पडदा असला पाहिजे. ही सोय किती मोठी आहे, हे ज्याने दुरून म्हाताऱ्या माणसाला फोन शिकवला आहे त्यालाच कळते.

यासाठी अ‍ॅपलच हवे असे नाही. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस २४ पासून, आणि गुगलने त्याआधी पिक्सेल ८ पासून, सात वर्षांची अद्यतने देण्याचे जाहीर केले आहे. मात्र हे मुख्यतः त्यांच्या महागड्या मालिकांपुरते आहे. स्वस्त मॉडेल घेताना किती वर्षे अद्यतने मिळतील हे वेगळे विचारावे.

या व्यवस्थेची किंमतही सांगितली पाहिजे. अ‍ॅपल वॉच आयफोनशिवाय वापरता येत नाही. सॅमसंगची घड्याळेही २०२१ च्या गॅलेक्सी वॉच ४ पासून आयफोनला जोडता येत नाहीत. म्हणजे अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला किंवा उलट केले, की असे घड्याळही निरुपयोगी होते. इअरबडचे तसे नाही. ते कोणत्याही कंपनीचे असले तरी साध्या ब्लूटूथवर सगळ्या फोनशी चालतात, फक्त काही खास सोयी मिळत नाहीत. म्हणून माझा सल्ला असा की फोन आणि खाती एकाच व्यवस्थेतली ठेवावीत, इअरबड व चार्जर कोणतेही घ्यावेत, आणि घड्याळ घेणे लांबणीवर टाकावे.

भिंती हळूहळू खाली येत आहेत, हेही नोंदवते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून आयफोनवर आरसीएस (एसएमएसच्या पुढची संदेशपद्धत) संदेश आले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल १० फोनवरून अ‍ॅपलच्या एअरड्रॉपशी थेट फाइल देवाणघेवाण सुरू केली. ही सोय अधिक फोनवर पसरली, तर दिरांच्या बाजूचा एक मोठा मुद्दा आपोआप सौम्य होईल.

---

काटेपूर्णा (बार्शीटाकळी तालुका, जि. अकोला)

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि ताईंच्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण गेमिंगच्या क्षेत्रात हा वाद सर्वांत टोकदार आहे.

गेमिंग कन्सोल म्हणजे एका कंपनीने बांधलेली पूर्ण बंद व्यवस्था. तिचा फायदा मोठा आहे: डिस्क घातली की गेम चालतो, ग्राफिक्स कार्ड पुरेल का हा प्रश्नच पडत नाही. पण याच बंद व्यवस्थेत सुसंगतता कंपनीच्या मर्जीवर असते. प्लेस्टेशन ४ चे चार हजारांहून अधिक गेम प्लेस्टेशन ५ वर चालतात, कारण दोन्हींचे प्रोसेसर एकाच घराण्यातले आहेत. प्लेस्टेशन ३ मध्ये सेल नावाचा अगदी वेगळ्या बांधणीचा प्रोसेसर होता, त्यामुळे त्याच्या डिस्क प्लेस्टेशन ५ मध्ये घातल्या तरी चालत नाहीत. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर प्लेस्टेशन ५ ला जोडला, तर त्यावर जुने गेम खेळता येतात. प्लेस्टेशन ५ चे नवे गेम खेळता येत नाहीत. तेथे यंत्राची क्षमता आडवी येत नाही, तसा निर्णयच घेतलेला आहे.

प्लेस्टेशन बनवणाऱ्या त्याच सोनीने साठवणुकीच्या बाबतीत मात्र दार उघडे ठेवले. सप्टेंबर २०२१ पासून प्लेस्टेशन ५ मध्ये बाजारात मिळणारी, ठरावीक वेगाची साधी एम.२ (पट्टीच्या आकाराची) एसएसडी बसवता येते. कंपनी कोणतीही असो. एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांची अंतर्गत जागा वाढवण्यासाठी त्यांच्यासाठीच बनवलेले खास कार्ड घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेले इतर कंपन्यांचे कंट्रोलर व जोडसाधने एक्सबॉक्सवर बंद पाडायला सुरुवात केली, आणि कालपर्यंत चालणारी वस्तू पडद्यावर त्रुटीचा संदेश दाखवू लागली. विकत घेतलेली वस्तू धडधाकट असताना दुसऱ्याच्या एका अद्यतनामुळे बंद पडावी, हे मला मुळीच मान्य नाही. साधा ब्लूटूथ हेडफोन तर प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स, दोघांनाही थेट जोडता येत नाही.

ताईंच्या गावात इंटरनेट किती आहे, त्यावर पुढचे अवलंबून आहे. आजचे मोठे गेम शंभर जीबीच्या आसपास जातात. कन्सोल घ्यायचेच असेल, तर डिस्क ड्राइव्ह असलेले घ्यावे. डिस्क जुनी झाल्यावर विकता येते आणि मित्राकडून आणताही येते. ड्राइव्ह नसलेले स्वस्त मॉडेल घेऊन नंतर ड्राइव्ह जोडणार असाल, तर पहिल्यांदा ती जोडताना इंटरनेट लागते हे ध्यानात ठेवावे.

आता स्टीम डेक. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले व्हाल्व कंपनीचे हे यंत्र मला तत्त्व म्हणून फार आवडते. त्यात लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस आहे, आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम प्रोटॉन नावाच्या मधल्या थरामुळे त्यावर चालतात. हा थर व्हाल्वने २०१८ मध्ये खुल्या पद्धतीने प्रसिद्ध केला. स्टीम डेकवर हवे तर विंडोजही टाकता येते. २०२५ मध्ये लेनोव्होचे लीजन गो एस हे दुसऱ्या कंपनीचे यंत्रही स्टीमओएससह आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हाल्वने टीव्हीला जोडायचे स्टीम मशीन, नवा कंट्रोलर आणि स्टीम फ्रेम हा डोळ्यांवर लावायचा संच जाहीर केला. म्हणजे व्हाल्वही एक पूर्ण कुटुंब उभे करत आहे. फरक असा की त्यातली प्रणाली इतरांच्या यंत्रांवरही चालू शकते आणि विकत घेतलेले गेम साध्या संगणकावरही तितकेच चालतात.

तरीही मी ते ताईंना सुचवत नाही. स्टीम डेकची भारतात अधिकृत विक्री नाही. येथे मिळते ते आयात केलेले असते आणि बिघडले तर हमी कोणाकडे मागायची हा प्रश्न राहतो. दुसरे असे की काही ऑनलाइन गेमची फसवणूकविरोधी यंत्रणा थेट विंडोजच्या गाभ्यात बसते. व्हॅलोरंट हे त्याचे ठळक उदाहरण. ते लिनक्सवर चालत नाही, आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असावे लागते. मुलगा मित्रांबरोबर नेमके कोणते गेम खेळणार आहे, हे आधी विचारावे.

मॅकवर गेमिंगचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणेच बंद केले आणि त्याबरोबर असंख्य जुने गेम गेले. नंतर अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप आल्या आणि बूट कॅम्पने विंडोज टाकण्याची सोयही संपली.

माझे उत्तर असे: मुलासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम असलेला विंडोज ११ चा लॅपटॉप घ्यावा, म्हणजे प्रोग्रामिंग आणि गेम दोन्ही होतील. त्यासोबत ब्लूटूथ व केबल या दोन्हींवर चालणारा एक चांगला कंट्रोलर घ्यावा. तो लॅपटॉपला चालेल, अँड्रॉइड फोनलाही चालेल, आणि कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलसारख्या गेममध्ये वापरता येईल. स्टीमवर, म्हणजे व्हाल्वच्या ऑनलाइन गेम-दुकानावर, एकाच स्थानिक नेटवर्कमधील एका संगणकावरून दुसऱ्यावर गेम पाठवण्याची सोय २०२३ पासून आहे, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी मित्राकडे आधीच उतरवून ठेवलेला गेम तेथे बसून घेता येईल, आणि गावातल्या नेटवर शंभर जीबी ओढत रात्र काढावी लागणार नाही.

---

पूर्णामाय (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

वरच्या चर्चेत विजेचा उल्लेख आला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. लाइन जाणे आणि व्होल्टेज कमी-जास्त होणे हे आपल्याकडे नित्याचे आहे, आणि सुसंगततेचा प्रश्न तेथेही येतो. घरचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड लहरीची वीज देणाऱ्या) प्रकारचा असेल, तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नेटकी खेचण्याची सोय) असलेला डेस्कटॉपचा चांगला एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) त्यावर लाइन जाताच बंद पडू शकतो. दोष संगणकात नसतो, दोघांची जोडी जुळत नसते. प्युअर साइन वेव्ह (लाइनसारख्या गुळगुळीत लहरीचा) इन्व्हर्टर घ्यावा किंवा केंद्रासाठीही लॅपटॉपच घ्यावा. लेझर प्रिंटर कोणत्याही छोट्या यूपीएसवर लावू नये, कारण तो तापताना एकदम जास्त वीज खेचतो.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. आयफोन आणि स्टीम डेक या दोन्हींसाठी कंपनीने सांगितलेले वापराचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. तापलेला फोन स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो किंवा थांबवतो, त्यामुळे ८० वॅटचा चार्जर घेतला तरी त्या दिवसांत तेवढा वेग मिळत नाही. गेमिंग लॅपटॉपचे तर सांगायलाच नको. तो कूलरच्या हवेत ठेवावा, पण कूलरच्या थेट ओलाव्यासमोर ठेवू नये.

---

अडाणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. संत्राबाग ताईंनी ज्या कामाचा उल्लेख केला, ते काम आमच्या घरात माझ्याकडेच आहे, आणि त्याची मोजदाद आजवर कोणी केली नव्हती. त्यामुळे सासूबाईंचा आणि माझा फोन एकाच कंपनीचा, एकाच मालिकेचा घ्यायचे मी नक्की केले आहे. केंद्रासाठी विंडोज ११ चा साधा लॅपटॉप घेऊ. इन्व्हर्टर आमचा जुनाच आहे, त्यामुळे पूर्णामाय यांचा मुद्दा फार वेळेवर आला.

मुलाने काटेपूर्णा यांचे उत्तर दोनदा वाचले आणि लॅपटॉपला होकार दिला. त्याचे मित्र व्हॅलोरंट खेळतात, त्यामुळे लिनक्सवरचे यंत्र आपसूकच मागे पडले.

दोन शंका उरतात. वैनगंगाकाठ दादांनी सुचवलेला ६५ वॅटचा चार्जर गेमिंग लॅपटॉपला चालेल का? आणि सर्व खाती एकाच व्यवस्थेत ठेवली, तर उद्या फोन बदलताना किंवा विकताना काही अडचण येते का?

---

वैनगंगाकाठ

ताई, केंद्राच्या साध्या लॅपटॉपला ६५ वॅट पुरेल. फक्त त्याला टाइप-सीने चार्ज होण्याची सोय आहे का, हे विकत घेताना पाहावे, कारण टाइप-सीचे तोंड असूनही त्यातून वीज न घेणारे लॅपटॉप बाजारात आहेत. गेमिंग लॅपटॉपचे गणित वेगळे आहे. तो पूर्ण ताकदीने चालताना बरेचदा २०० वॅटच्या आसपास किंवा अधिक वीज मागतो आणि त्याचा स्वतःचा वेगळ्या पिनेचा जाड चार्जर असतो. काही मॉडेल १०० वॅटच्या पीडी चार्जरवरही चालतात, पण तेव्हा फक्त अभ्यास होतो. गेम सुरू केला तर वेग घटतो आणि बॅटरीही उतरत जाते. मूळ चार्जर जपून ठेवावा. तो जळाला तर त्याच व्होल्टेजचा, त्याच पिनेचा आणि तितक्याच किंवा अधिक वॅटचा घ्यावा. पिन बसते म्हणून कमी वॅटचा घेऊ नये.

खात्यांची शंका फार महत्त्वाची आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या आयफोनपैकी काही असे असतात की त्यांत बिघाड काहीच नसतो. आधीच्या मालकाचे खाते काढलेले नसते, त्याला पासवर्ड आठवत नसतो, आणि अ‍ॅक्टिव्हेशन लॉकमुळे फोन उघडत नाही. अँड्रॉइडमध्येही फॅक्टरी रीसेट केल्यावर जुने गुगल खाते मागितले जाते. दुकानदाराने हे कुलूप तोडून देतो असे सांगितले, तरी त्यावर विश्वास ठेवू नये. फोन विकण्यापूर्वी आधी खात्यातून बाहेर पडावे, मगच तो पुसावा. आणि जुना फोन विकत घेताना समोरच्याने आपल्या डोळ्यांदेखत खाते काढल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सासूबाईंच्या फोनचे खाते त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर उघडा, केंद्राच्या क्रमांकावर नको. पुष्कळ घरांत सगळ्यांची खाती एका मुलाच्या क्रमांकावर असतात. त्याने सिम बदलले की घरभर फोन अडकून पडतात. खात्याचे नाव, पासवर्ड आणि जोडलेला क्रमांक एका वहीत लिहून सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवा. मुलाचे स्टीमचे खातेही त्याच्या स्वतःच्या ईमेलवर असू द्या, कारण त्यावर घेतलेले गेम दुसऱ्या खात्यावर हलवता येत नाहीत.

---

संत्राबाग

वैनगंगाकाठ भाऊंच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड देते. फोटो आणि संपर्क क्रमांक यांची एक प्रत वर्षातून एकदा साध्या बाह्य हार्ड डिस्कवर काढून ठेवा. त्या डिस्कची मांडणी एक्सफॅट प्रकारची ठेवली, तर ती विंडोज, मॅक आणि आजकालच्या बहुतेक लिनक्स संगणकांवरही उघडते, त्यामुळे पुढे दिरांच्या मॅकवर फोटो पाहायचे झाले किंवा आपण कंपनीच बदलायची ठरवली, तरी काही अडणार नाही.